सात वाजताचं शून्य

सन दोन हजार एकोणीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि बोकारे छप्पन्न. वयाचं आधीच सांगून टाकलेलं बरं. शिक्षणात ते माझ्यापेक्षा इतके पुढं होते की पुढचं वाचताना कुणाला वाटेल, हा त्यांचा कुणी चेला लिहितोय. चेला-बिला मी कुणाचा नाही. मी चौथी शिकलेला गवंडी. कराडच्या बाजूला चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्या, आणि मी बांधलेली एकही भिंत अजून पडलेली नाही. बोकारे नागपूरचे, डॉक्टर. औषधाचे नव्हेत, पावसाचे.

आणि हा पावसाचा डॉक्टर राहायचा कुठं, तर चँडलरला. अॅरिझोनातलं हे गाव म्हणजे वाळवंट. दारात हिरवळीऐवजी खडी टाकतात आणि निवडुंग लावतात. माझा मुलगा सुनील इथं कंपनीत इंजिनिअर आहे. त्याची आई गेल्यावर तो मला घेऊन आला. आल्यावर पहिला महिनाभर मी नुसती लोकांची बांधकामं बघत हिंडलो. लाकडाच्या फळ्या ठोकून घर म्हणतात. आमच्या परसामागची सिमेंटच्या विटांची भिंत तेवढी बरी होती. पुरुषभर उंच. मी रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर चढायचो आणि पलीकडं बघायचो. सून वर्षा ओरडायची, "आप्पा, पडाल! आणि हे इथं चालत नाही, लोक कंप्लेंट करतात." लोकांनी करावी कंप्लेंट. भिंत बघायला चढतो माणूस.

पलीकडं बोकारे होते.

मे महिना. सकाळी सातलाच उन्हाचा चटका बसायला लागलेला. एक ठेंगणा, टकला माणूस अर्ध्या चड्डीत खडीवर गुडघे टेकून बसायचा. समोर लाकडी खांबाला लावलेली प्लास्टिकची जाड नळी, तिच्या तोंडावर नरसाळं, आत आणखी एक बारीक नळी. एक डोळा मिटून तो नळीकडं बघायचा, कानावरची पेन्सिल काढून वहीत काहीतरी लिहायचा, पेन्सिल परत कानावर, आणि आत. रोज. मला वाटलं नवस असेल.

आठव्या दिवशी मी विचारलं, "काय हो, काय बघता रोज?"

ते दचकले नाहीत. मान वर करून म्हणाले, "पाऊस."

"कुठाय पाऊस?"

"नाही ना. तेच लिहून राहिलो."

"नाही ते कशाला लिहायचं?"

"मग काय लिहू, आला म्हणून?" एवढं बोलून त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुम्ही सुनीलचे वडील ना? या की समोरून. भिंतीवरून काहून बोलून राहिले?"

"तुमचा खांब कललाय," मी म्हणालो.

"काही कललेला नाही. पाहा, एकदम सरळ आहे."

"डावीकडं. दोन सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंड्याचं माप. बोकाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं, पण आवाजातली खात्री त्यांना कळली असावी. मी घरात गेलो आणि माझा पितळी ओळंबा घेऊन समोरच्या दारानं त्यांच्याकडं गेलो. हा ओळंबा मी कराडहून बॅगेत आणलाय. विमानतळावर पोलिसानं तो तीन वेळा उलटासुलटा केला होता. दोरी खांबाच्या डोक्याला लावली, गोळा थांबेपर्यंत थांबलो आणि खाली बोट ठेवलं. दोन नव्हे, अडीच सूत.

बोकारे खडीवर फतकल मारून बसले आणि पोटभर हसले. "सोळा वर्षांपासून हे करून राहिलो आप्पा, आणि एका माणसानं डब्यावर उभं राहून सांगितलं!"

त्याच दिवशी आम्ही सिमेंटचं पोतं आणलं. खांब उपटला, खड्डा साफ केला, नवीन बैठक ओतली. ऐंशी टक्के काम मी केलं, त्यांनी पाणी धरलं. तिसऱ्या दिवशी खांब असा उभा राहिला की मला स्वतःला बघत राहावंसं वाटलं. तेव्हा बोकाऱ्यांनी वही काढली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "खांब अडीच सूत कललेला सापडला. किती दिवसांपासून, माहीत नाही. आज सरळ केला. करणारे, आप्पा."

मला राग आला. म्हटलं, "सरळ झाला ना आता? मग वाकडा होता हे कशाला लिहिता?"

"होता म्हणून."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांसाठीच लिहितो. उद्या कोणी विचारलं, ह्या वर्षापासून आकडे काहून बदलले, तर त्याला कारण भेटलं पायजे ना बाप्पा."

आमच्या धंद्यात चूक गिलाव्याखाली जाते. ती वहीत लिहून ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

मग रोजचं जाणं सुरू झालं. सात वाजता नळी, सव्वासातला संध्यावहिनींचा चहा. संध्यावहिनी म्हणजे बोकाऱ्यांची बायको, शाळेत गणित शिकवायच्या. चहा घेताना बोकारे मला त्यांचं काम समजावून सांगायचे. मी न समजता मान डोलावणाऱ्यातला नाही, त्यामुळं त्यांना फार बोलावं लागे.

त्यांचं काम युनिव्हर्सिटीत होतं. आभाळात सॅटेलाइट फिरतात, ते वरून पाऊस मोजतात, आणि ते मोजलेलं बरोबर की चूक हे बोकारे तपासायचे.

"वरून पाऊस दिसतो?" मी विचारलं.

"पाऊस नाही दिसत. ढग दिसतो, ढगाच्या आतलं पाणी थोडंफार समजतं. त्यावरून खाली दर तासाला किती पडून राहिला, ते काढतात."

"म्हणजे अंदाज."

"चांगला अंदाज."

"पण अंदाज."

"हाव," ते म्हणाले. "म्हणून तर ही नळी."

पण सॅटेलाइटला मी नावं ठेवलेली त्यांना खपायची नाहीत. समुद्रावर, डोंगरावर, जिथं कुणी नळी ठेवायला जात नाही, तिथला पाऊस त्याच्याशिवाय कोण सांगणार, असं म्हणायचे. त्याच्या नकाशातली एक चौकोनी फरशी म्हणजे आपलं अख्खं चँडलर, आणि आपली नळी म्हणजे त्या फरशीवरचा एक टिपका. पण टिपका जमिनीवरचा आहे. गावातल्या वीसेक घरांत त्यांनी अशा नळ्या लावायला लावल्या होत्या. बरीचशी घरं आपल्याच लोकांची, पुण्या-मुंबईची, नागपूरची. सगळ्यांनी सकाळी सातला वाचायचं आणि फोनवरून आकडा पाठवायचा.

वहीच्या चौकटीत चारच गोष्टी लिहिता येत. पडला असेल तर आकडा, इंचाचे शंभर भाग करून. नसेल पडला तर शून्य. चार शिंतोडे आले पण नळीत मोजण्याइतके नाहीत, तर इंग्रजी टी. आणि बघितलंच नाही, तर एम. बोकारे म्हणायचे, "रिकामं शून्य नसतं आप्पा. ज्यानं पाहिलं त्यालाच शून्य लिहायचा अधिकार आहे." सोळा वर्षांत त्यांच्या वहीत सात एम होते, आणि सातही त्यांना तोंडपाठ. एक मुतखड्याचा, दोन मुलीच्या लग्नाचे, असे. एखाद्या सणाला कुणी विचारावं आणि यांनी एम मोजून दाखवावेत.

सणावरून आठवलं. ऑगस्टच्या सुमाराला इथं दुपारी ढग येतात, काळेभोर. एका रविवारी कुलकर्ण्यांकडं जेवण होतं, सगळ्यांनी एकेक पदार्थ आणलेला. ढग असा खाली आला की त्यातून पावसाच्या झिरमिळ्या लोंबताना दिसत होत्या. सगळ्या पोरांनी फोन बाहेर काढले.

"काका, रेनिंग दाखवतंय इथं! करंट लोकेशन!"

बोकाऱ्यांनी वरणभाताचं ताट खाली ठेवलं आणि बाहेर ड्राइव्हवेवर जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. आतून लोक ओरडताहेत, "काका, भिजलात का?" कुणी म्हणतंय, "यार, काकांना छत्री द्या कोणीतरी." हे दहा मिनिटं तसेच. हात कोरडे. परत येऊन ताट उचलून म्हणाले, "पडला, पण पोचला नाही. रस्त्यातच वाळला. फोनला म्हणा, बाहेर येऊन पाहा."

इथली हवा इतकी कोरडी की पाऊस ढगातून निघतो आणि जमिनीवर यायच्या आधीच हवेत विरतो. सॅटेलाइट तो पडला म्हणून धरतं. जमिनीवर थेंब नसतो. हाच बोकाऱ्यांचा मुख्य विषय होता. असल्या पावसाला काय नाव आहे मी विचारलं तर त्यांनी इंग्रजी नाव सांगितलं. मला ते आवडलं नाही. मी त्याला अधांतरी पाऊस म्हणायला लागलो, आणि मग तेही म्हणायला लागले. हे त्यांनी कुठं लिहिलं नसेल, पण शब्द माझा आहे.

त्यांची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. कुणीही नळी वाचली तरी ते पुन्हा वाकून बघायचे. कुणीही. एकदा त्यांची पाठ धरली होती म्हणून वहिनींनी वाचलं, तेवीस म्हणाल्या. हे कण्हत कण्हत गुडघ्यावर बसले, डोळा मिटला, बघितलं, आणि मग लिहिलं तेवीस. वहिनी मला म्हणाल्या, "बघा आप्पा! अठ्ठावीस वर्षं संसार केला. माझ्या हातचं मीठ चाखून बघत नाहीत, पण आकडा चाखून बघतात." बोकारे नुसते हसले. दुसऱ्यांदा वाकणं त्यांच्या अंगातच होतं.

आता माझी गोष्ट. थोडक्यात सांगतो, पण सांगितल्याशिवाय त्यांची गोष्ट पुरी होत नाही.

त्याच वर्षी जुलैत बोकाऱ्यांच्या आईला बरं नव्हतं म्हणून नवराबायको तीन आठवडे नागपूरला गेले. जाताना वही माझ्या हातात दिली. गावात वीस शिकलेली घरं होती, त्यातली कुणाला दिली नाही, मला दिली. कागदावर सगळं लिहून दिलं. नळी कशी काढायची, डोळा कुठल्या रेषेत धरायचा, वाचल्यावर ओतून कशी टाकायची. मी सुनीलला म्हणालो, बघ. सुनील म्हणाला, "आप्पा, इट्स जस्ट अ रेन गेज." त्याला काय कळणार.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी धुळीची भिंत आली. इथं येते तशी. क्षितिजापासून आभाळापर्यंत लाल, आणि पाच मिनिटांत संध्याकाळची रात्र. दारं-खिडक्या लावून आम्ही आत. वारा रात्रभर घुमत होता. सकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना मी गेलो. खडी कोरडी. नळीची मात्र दशा झालेली. नरसाळ्याला मातीचा थर, आतल्या बारीक नळीत लाल गाळ.

मी चाळीस वर्षांत एकदाही मळक्या थापीनं काम सुरू केलेलं नाही. हत्यार आधी धुवायचं, मग कामाला हात घालायचा. मी नळी काढली, परसातल्या नळावर धुतली, धोतराच्या कापडानं आतून पुसली, जागेवर बसवली. सात वाजले. गुडघे टेकले, एक डोळा मिटला. स्वच्छ, कोरडी. वहीत गोल, मोठं शून्य काढलं. ते शून्य मला इतकं सुरेख जमलं होतं की मी वर्षाला दाखवलं.

बोकारे परत आले, वही बघितली, एकही चौकट रिकामी नाही. मला म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगली वही ठेवली तुम्ही." ते मी कधी विसरलो नाही.

फेब्रुवारी उजाडला. बोकाऱ्यांना पूर्वेकडं दुसऱ्या राज्यात मोठी नोकरी मिळाली. महिन्याअखेर जायचं ठरलं, घर विकलं गेलं. घर घेणाऱ्याला नळी नको होती. तेव्हा बोकारे म्हणाले, "नळी तुमच्याकडं येईल आप्पा. रोजचं तुम्ही पाहाल." मी त्याच दिवशी आमच्या परसात मोकळी जागा बघून, भिंतीपासून लांब, खांबासाठी दीड फुटाचा खड्डा खणला.

पण ते गेल्यावर परसातल्या नळ्यांचं काय, हा प्रश्न होता. युनिव्हर्सिटीतल्या काही जणांचं म्हणणं पडलं की घरगुती माणसांच्या आकड्यांवर काय भरवसा ठेवायचा, ते तपासणीतून काढून टाकू. बोकाऱ्यांना त्यांच्यापुढं बोलून ते वाचवायचं होतं. सोळा वर्षांचं काम. बोलायचा दिवस ठरला, आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला कॉम्प्युटरपुढं बसवलं. पडद्यावर चँडलर आणि आसपासचा नकाशा, त्यावर रंगांच्या चौकोनी फरश्या.

"हे पाहा. जुलैची ती संध्याकाळ. सॅटेलाइट म्हणून राहिलं की चांगला जोरात पाऊस झाला. आजूबाजूच्या दोन घरची माणसं सुट्टीवर होती, त्यांचे एम. आणि मधोमध कोण आहे? तुम्ही! तुमचं शून्य. पूर्ण पाऊस अधांतरी! सहा महिने झाले, मी हे सगळ्यांना दाखवून राहिलो. उद्या पहिलं हेच दाखवणार."

नकाशाच्या मधोमध माझं शून्य. मला आधी अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू. मग ती संध्याकाळ आठवली, आणि तो लाल गाळ.

 चहा पिऊन घरी आलो आणि दोन तास स्वतःशी भांडलो. गाळ म्हणजे पाऊस नव्हे. चिखल मोजायला सांगितलं नव्हतं. कागदावर गाळाचं एक अक्षर नव्हतं. सगळं खरं होतं. पण धूळ आपली आपण ओली होत नाही, हे चुन्या-सिमेंटात जन्म घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

सुनील कामावरून आला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आप्पा, एका दिवसाचं काय घेऊन बसलात? उद्या त्यांचं प्रेझेंटेशन आहे. आज सांगून त्यांना डिस्टर्ब कशाला करता? कोण चेक करणारे?"

"खालचा थर कललाय," मी म्हणालो, "आणि तो माणूस उद्या त्याच्यावर मजला चढवायला निघालाय. आणि तू म्हणतोस गप्प बसा."

"मग नळी नाही देणार ते तुम्हाला."

ते मलाही कळत होतं. चप्पल घातली आणि गेलो.

बोकारे शर्टाला इस्त्री करत होते. मी दारातूनच म्हणालो, "ते शून्य काढा."

"कोणतं?"

"जुलैचं. माझं."

"काहून?"

"नळीत गाळ होता. मी धुतली, मग वाचली."

इस्त्री हातात तशीच. वहिनींनी येऊन ती काढून घेतली, नाहीतर शर्ट गेला असता.

"धुतली?"

"घाण झाली होती. हत्यार धुवायची सवय आहे मला."

"गाळावर पाणी होतं का?"

"होतं. लाल."

"किती?"

मी दोन बोटं आडवी धरून दाखवली. बोकाऱ्यांनी पट्टी आणली आणि माझी बोटं मोजली. दीड इंच. आतली बारीक नळी पाऊस दहापट उंच करून दाखवते, म्हणजे खरा पाऊस त्याचा दहावा भाग. त्यांनी कागदाच्या कपट्यावर मांडलं. मी मनातल्या मनात माझ्या मापात मांडलं, सव्वा सूत.

मग त्यांचा आवाज चढला. तेवढा एकदाच चढला, पुन्हा कधी मी ऐकला नाही. "सहा महिने, आप्पा! सहा महिने मी हे शून्य घेऊन नाचून राहिलो!"

"मला आज कळलं. कळलं तसा आलो."

वहिनी म्हणाल्या, "अहो..."

त्यांनी हातानंच वहिनींना थांबवलं. खुर्चीत बसले. माझी सव्वा सुताची चिठ्ठी त्यांच्या हातात होती. मला वाटलं आता ते शून्याच्या जागी तो आकडा लिहितील, निदान काहीतरी उरेल. त्यांनी चिठ्ठी चुरगळली. "सात महिन्यांनी बोटं मोजून पाऊस होत नाही," म्हणाले. जुनी वही काढली, माझ्या सुरेख शून्यावर एक सरळ रेघ मारली, बाजूला एम लिहिला आणि खाली मराठीत, "वाचण्याआधी नळी धुतली गेली."

"आठवा एम," ते म्हणाले.

मी म्हणालो, "उद्या तुम्ही काय दाखवणार?"

"हेच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि सुनीलला बरोबर नेलं. छोटा हॉल, पंधरा-वीस माणसं, पुढं एक पांढऱ्या केसांच्या बाई, निर्णय त्यांच्या हातात. मला इंग्रजी येत नाही. सुनील कानात सांगत होता. बोकाऱ्यांनी पहिलाच नकाशा लावला आणि म्हणाले, "इथं मधोमध एक शून्य होतं. मला ते फार आवडायचं. काल ते गेलं." आणि सगळं सांगितलं. गाळ, नळ, धुणं. लोक हसायला लागले. माझे कान तापले. मी उठून जाणार होतो, सुनीलनं सदरा धरला.

बोकारे हसणं संपेपर्यंत थांबले. घाई केली नाही. मग म्हणाले, "सॅटेलाइटचं कुठं चुकलं, हे शोधायला मला वर्षं लागतात. हा माणूस स्वतः चालत माझ्या दारात सांगायला आला. माझं तपासायचं यंत्र हे आहे." आणि माझ्याकडं हात केला. मी उभा राहिलो. वाकलो-बिकलो नाही, नुसता उभा राहिलो. चाळीस वर्षांत मी बांधलेल्या घरांच्या वास्तुशांतीला मला कुणी असं उभं केलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, "अशी आणखी किती शून्यं असतील?"

बोकारे म्हणाले, "आय डोन्ट नो." एवढं मला सुनीलशिवाय कळलं.

बाई म्हणाल्या, विचार करून कळवू. पुढं दोन महिन्यांनी त्यांनी नळ्या ठेवल्या, आणि सगळ्या घरांना नवा कागद पाठवला. त्यात आता एक ओळ आहे: नळीत माती दिसली तर धुऊ नका, आधी वाचा, मग कळवा. कागदावर माझं नाव नाही. ओळ माझी आहे. पण हे पुढचं. त्या दिवशी कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि परत येताना गाडीत बोकारे अवाक्षर बोलले नाहीत. मी समजायचं ते समजलो. घरी आल्यावर अंधार पडायच्या आत परसातला माझा खड्डा मातीनं भरून, चोपून टाकला.

महिन्याअखेर ट्रक आला, सामान गेलं, निरोप झाले, डोळे पुसून झाले. ते मी धरत नाही. माझ्या डोळ्यांपुढं बोकारे राहिलेत ते त्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे.

मी जाणार नव्हतो. चहा घेऊन ओट्यावर बसलो होतो. भिंतीपलीकडून हाक आली, "आप्पा! सात वाजून राहिले ना!"

गेलो. ते नळीजवळ उभे होते, बसले नव्हते. कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि वही उघडून पुढं धरली. मी खडीवर गुडघे टेकले. एक डोळा मिटला. नरसाळं बघितलं, बारीक नळी बघितली, मोठी नळी बघितली. बोट लावून बघितलं नाही, धुणं तर दूरच. एक वाळकी मुंगी होती तळाशी, बाकी काही नाही.

"शून्य," मी म्हणालो. "आणि एक मुंगी."

"लिहा."

मी लिहिलं. साधंच आलं या वेळी, जरा वाकडं. मग बाजूला सरकलो आणि वाट बघत राहिलो. आता हे गुडघ्यावर बसणार, डोळा मिटणार.

बोकारे वाकले नाहीत. त्यांनी नळीकडं नजरसुद्धा टाकली नाही. वही मिटली, माझ्या हातातली पेन्सिल घेऊन कानावर ठेवली आणि चहाला म्हणून दाराकडं निघाले. उंबऱ्यात थांबून, न वळता म्हणाले, "आणि तो खड्डा काहून बुजवला? संध्यानं वरच्या खिडकीतून पाहिलं. परत खणा."